डॉ. एच. एम. भाटिया आणि मुंबईत सापडलेले दोन रक्तगट

डॉ. एच. एम. भाटिया हे मुंबईतील रक्तगटशास्त्रज्ञ होते. ‘बॉम्बे रक्तगट’ या नावाने जगभर ओळखल्या जाणाऱ्या दुर्मीळ रक्तगटाचे पहिले वर्णन १९५२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्या शोधनिबंधाच्या लेखकांत डॉ. वाय. एम. भेंडे आणि डॉ. सी. के. देशपांडे यांच्यासोबत भाटिया यांचेही नाव आहे. पुढे दोन दशकांनी, १९७३ मध्ये, मुंबईतूनच आणखी एका नव्या प्रतिजनाची माहिती जगापुढे आली. तो आज ‘इंडियन’ या स्वतंत्र रक्तगट प्रणालीत गणला जातो. त्या निबंधातही भाटिया सहलेखक होते. आनुवंशिक रक्तगुणांचा अभ्यास रुग्णाच्या खाटेपासून सुरू होऊन प्रयोगशाळेत आणि तिथून समाजाच्या पाहणीपर्यंत कसा जातो, हे त्यांच्या कामातून चांगले समजते.

हा विषय केवळ विज्ञानाच्या इतिहासाचा नाही. बॉम्बे रक्तगटाच्या माणसाला चुकून ‘ओ’ गटाचे रक्त दिले गेले, तर त्याच्या जिवावर बेतू शकते. साध्या तपासणीत मात्र हा माणूस ‘ओ’ गटाचाच दिसतो.

१९५२: तीन माणसे, एक कोडे

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत रक्तगटांचे शास्त्र बऱ्यापैकी स्थिरावले होते. कार्ल लँडस्टायनर यांनी १९०१ मध्ये ए, बी आणि ओ या गटांची मांडणी केली होती. या कामासाठी त्यांना १९३० चा नोबेल पुरस्कार मिळाला. चौथा एबी गट त्यानंतर लगेच सापडला आणि १९४० मध्ये आरएच घटकाची भर पडली. ओ गटाचे रक्त कोणालाही चालते, हा समज डॉक्टरांमध्ये रुळलेला होता.

मुंबईत मात्र अशी माणसे आढळली की त्यांना ओ गटाचेही रक्त चालेना. एकजण रेल्वे अपघातात जखमी झालेला होता, दुसरा चाकूच्या वाराने. त्यांच्या रक्तद्रवात कोणत्याही गटाच्या तांबड्या पेशी मिसळल्या की त्या पेशी एकमेकींना चिकटून गुठळ्या होत. ए, बी, एबी आणि ओ, सगळ्यांची तीच गत. अशा एकमेकांशी नात्यात नसलेल्या तीन माणसांची नोंद मुंबईच्या चमूने केली.

रक्ताचे नमुने पुढच्या तपासणीसाठी लंडनला गेले. तिथल्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये त्या काळी या विषयातले चार मोठे अभ्यासक काम करत होते. आर. आर. रेस आणि रूथ सँगर हे पुढे पती-पत्नी झालेले शास्त्रज्ञ रक्तगटांच्या आनुवंशिकतेचे जाणकार होते. वॉल्टर मॉर्गन आणि विनिफ्रेड वॉटकिन्स हे रक्तगटांमागचे रसायनशास्त्र उलगडत होते. मुंबईचे तिघे आणि लंडनचे चौघे अशा सात जणांच्या नावाने १९५२ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छोटे टिपण प्रसिद्ध झाले. एबीओ प्रणालीशी संबंधित असलेला एक ‘नवा’ रक्तगुण, असे त्याचे शीर्षक सांगत होते. शहराच्या नावावरून या गटाला ‘बॉम्बे’ हे नाव पडले. शहराचे नाव बदलले तरी रक्तगटाचे नाव तेच राहिले आहे.

या चमूतील डॉ. भेंडे हे विकृतिशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांनी डॉ. एस. जी. देवधरे यांच्यासोबत लिहिलेले पॅथॉलॉजीचे पाठ्यपुस्तक वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्यांनी वापरले आहे.

खुंटी आणि टोपी

हे कोडे समजण्यासाठी रक्तगट म्हणजे काय, हे थोडे पाहावे लागते.

तांबड्या पेशीच्या पृष्ठभागावर शर्करेच्या लहान लहान साखळ्या असतात. या साखळ्यांच्या टोकाला कोणती शर्करा जोडलेली आहे, यावर ए, बी, ओ हे गट ठरतात. पेशीचा पृष्ठभाग म्हणजे एक भिंत समजा. त्या भिंतीवर आधी एक खुंटी ठोकावी लागते. ही खुंटी म्हणजे ‘एच’ प्रतिजन. साखळीच्या टोकाला फ्युकोज नावाची शर्करा जोडली की एच तयार होतो.

आता या खुंटीवर टोपी अडकवायची. ए गटाच्या माणसाकडे एका प्रकारची टोपी अडकवणारे विकर (एन्झाइम) असते आणि बी गटाच्या माणसाकडे दुसऱ्या प्रकारची. एबी गटाकडे दोन्ही असतात. ओ गटाच्या माणसाकडे चालणारे विकर नसते, म्हणून त्याच्या खुंट्या रिकाम्या राहतात. ओ गटाच्या पेशीवर काहीच नसते असे अनेकांना वाटते, पण ते बरोबर नाही. ओ गटाच्या पेशीवर एच भरपूर असतो. सगळ्यात जास्त एच ओ गटातच असतो.

बॉम्बे रक्तगटात खुंटीच नसते. मग टोपी करणारे विकर असले तरी ती अडकवायची कुठे? म्हणून अशा माणसाच्या पेशीवर ए नाही, बी नाही आणि एचही नाही.

आपले शरीर जे स्वतःकडे नाही त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते. ए गटाच्या माणसाच्या रक्तद्रवात बीविरोधी प्रतिपिंडे असतात, तर ओ गटाच्या माणसात ए आणि बी या दोघांविरोधी. बॉम्बे गटाच्या माणसात ए, बी आणि एच या तिघांविरुद्ध प्रतिपिंडे असतात. ही एचविरोधी प्रतिपिंडे शरीराच्या तापमानालाही जोमाने काम करतात आणि तांबड्या पेशी फोडू शकतात. ओ गटाच्या रक्तात एच सर्वाधिक असल्यामुळे ज्याला आपण ‘सर्वांना चालणारे’ रक्त म्हणतो, तेच या माणसासाठी घातक ठरते.

आईत न दिसलेला गट मुलीत

ए किंवा बीचे जनुक असूनही ते दिसत नाही, ही कल्पना सुरुवातीला फक्त तर्काची होती. अमेरिकेत फिलिप लेव्हिन आणि सहकाऱ्यांनी १९५५ मध्ये एका कुटुंबाचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातील आईच्या रक्तात बी प्रतिजन अजिबात दिसत नव्हता, पण तिच्या मुलीच्या रक्तात तो होता आणि तो वडिलांकडून आलेला असणे शक्य नव्हते. आईकडे बीचे जनुक होते, फक्त झाकलेले होते. मुलीला वडिलांकडून खुंटी करणारे चांगले जनुक मिळाले आणि आईचा झाकलेला बी तिच्यात उघडा पडला.

१९५९ मध्ये वॉटकिन्स आणि मॉर्गन यांनी आधी एच आणि मग त्यावर ए किंवा बी, असा पायरीपायरीचा क्रम मांडला. आज प्रत्येक पाठ्यपुस्तकात असलेल्या या मांडणीला मुंबईतील त्या तीन माणसांच्या रक्ताने मोठा आधार दिला. निसर्गाने मधली एक पायरी काढून दाखवली आणि त्यामुळे ती पायरी असल्याचे कळले.

याचा एक सामाजिक अर्थही आहे. रक्तगटावरून पितृत्वाविषयी संशय घेणे आपल्याकडे अजून घडते. आईवडिलांपैकी एकाचा गट कागदावर ‘ओ’ आहे आणि मूल मात्र एबी गटाचे आहे, असे दिसले की घरात वादळ उठू शकते. कागदावरचा तो ओ प्रत्यक्षात बॉम्बे गट असेल, तर असे मूल होणे पूर्णपणे शक्य आहे. नुसत्या रक्तगटावरून कोणावरही आरोप करणे शास्त्राला धरून नाही.

संदर्भ केंद्राची गरज

एखाद्या गावच्या किंवा तालुक्याच्या रक्तपेढीला असा गुंतागुंतीचा नमुना मिळाला, तर त्याचा उलगडा करण्यासाठी वरची प्रयोगशाळा लागते. तिथे दुर्मीळ गटांच्या पेशी आणि प्रतिपिंडे साठवलेली असावी लागतात. या गरजेतून भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने, म्हणजे आयसीएमआरने, १९५७ मध्ये मुंबईत ‘ब्लड ग्रूप रेफरन्स सेंटर’ सुरू केले. भाटिया यांनी पुढे या केंद्राचे नेतृत्व केले.

या केंद्राचे काम दुहेरी होते. देशभरातून येणाऱ्या अवघड नमुन्यांचा निकाल लावणे हे एक. रक्तपेढ्यांना चाचण्या नीट कशा करायच्या हे शिकवणे हे दुसरे. भाटिया यांनी रक्तपेढीतील कार्यपद्धतींवर पुस्तकही लिहिले. प्रयोगशाळेतील शोध आणि रक्तपेढीतील तंत्रज्ञाचे हात यांच्यातले अंतर कमी करणे, हा त्यांच्या कारकिर्दीचा महत्त्वाचा भाग मानावा लागेल.

केंद्राचा पसारा पुढे वाढला. आज ती संस्था ‘नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजी’ या नावाने परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारात आहे. रक्तगटांबरोबरच हिमोफिलिया, थॅलेसेमिया, सिकलसेल, प्लेटलेटचे आनुवंशिक दोष यांवरही तिथे संशोधन आणि निदान होते. हिमोग्लोबिनच्या आनुवंशिक विकारांसाठी संस्थेचे एक केंद्र चंद्रपूरलाही आहे.

किती जणांत एक?

दुर्मीळ म्हणजे नक्की किती दुर्मीळ, हे मोजल्याशिवाय रक्तपेढीला तयारी करता येत नाही. भाटिया आणि एम. एस. साठे यांनी १९७४ मध्ये ‘व्हॉक्स सँग्विनिस’ या नियतकालिकात मुंबईतील पाहणी प्रसिद्ध केली. तिच्यानुसार मुंबईत साधारण ७,६०० माणसांत एकजण बॉम्बे गटाचा होता. भारतासाठी सर्वसाधारणपणे दहा हजारांत एक असा आकडा सांगितला जातो. युरोपात हेच प्रमाण दहा लाखांत एक इतके कमी मानले जाते.

हा गट अप्रभावी पद्धतीने वारशात येतो. म्हणजे आई आणि वडील या दोघांकडून सदोष जनुक मिळाले तरच मूल बॉम्बे गटाचे होते. एकच सदोष जनुक असलेली माणसे वाहक असतात. त्यांच्या रक्तगटात काहीच वेगळे दिसत नाही. ७,६०० त एक हा आकडा धरून ढोबळ गणित केले, तर वाहकांचे प्रमाण सुमारे ४४ माणसांत एक इतके निघते. दोन वाहकांचे लग्न झाले, तर प्रत्येक अपत्याच्या वेळी बॉम्बे गटाची शक्यता चारात एक असते.

नात्यातल्या लग्नांचा इथे थेट संबंध येतो. महाराष्ट्रातील अनेक समाजांत मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत आहे. सख्ख्या आते-मामे भावंडांच्या लग्नात दोघांकडे एकाच आजी-आजोबांकडून आलेले तेच जनुक असण्याची शक्यता वाढते. वरचेच गणित पुढे नेले, तर अशा जोडप्याच्या अपत्यात बॉम्बे गट आढळण्याची शक्यता इतरांच्या सुमारे सहा-सातपट होते. म्हणूनच हा गट काही कुटुंबांत आणि काही भागांत एकवटलेला दिसतो. भारतात महाराष्ट्र आणि कर्नाटक या राज्यांतून त्याच्या बऱ्याच नोंदी झाल्या आहेत.

हिंदी महासागरातील रियुनियन बेटावरही एचची कमतरता असलेली माणसे तुलनेने अधिक आहेत. तिथे भारतीय वंशाच्या लोकांत मुंबईसारखाच जनुकदोष आढळतो. फ्रेंच वंशाच्या लोकांत मात्र त्याच जनुकातला वेगळा दोष आहे. भारतातून मजूर म्हणून गेलेल्या कुटुंबांबरोबर हा वारसाही समुद्र ओलांडून गेला.

दुसरा शोध: ‘इंडियन’ रक्तगट

१९७३ मध्ये एस. एस. बडकेरे, एस. आर. जोशी, भाटिया आणि सहकाऱ्यांनी भारतीयांत आढळणाऱ्या एका नव्या प्रतिजनाचा प्राथमिक अहवाल प्रसिद्ध केला. त्याला ‘इंडियन’ या शब्दावरून ‘आयएन-ए’ असे नाव मिळाले. पुढच्याच वर्षी बडकेरे, परब आणि भाटिया यांनी त्याबद्दलची अधिक निरीक्षणे मांडली. मुंबईत शंभरात साधारण तीन-चार जणांत हा प्रतिजन असतो. अरब आणि इराणी लोकांत हे प्रमाण दहा-बारापर्यंत जाते, तर युरोपीय लोकांत तो जवळपास नसतोच. १९७५ मध्ये त्याचा जोडीदार ‘आयएन-बी’ सापडला. तो बहुतेक सर्वांमध्ये असतो.

हे प्रतिजन सीडी४४ नावाच्या प्रथिनावर असतात, हे पुढे स्पष्ट झाले. आंतरराष्ट्रीय रक्तसंक्रमण संघटनेच्या यादीत ‘इंडियन’ ही २३ व्या क्रमांकाची स्वतंत्र रक्तगट प्रणाली आहे. ज्याच्या रक्तात आयएन-बी नाही आणि ज्याने त्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार केली आहेत, अशा रुग्णाला रक्त शोधणे बॉम्बे गटाइतकेच कठीण जाते.

युरोपीय लोकांच्या रक्तावर बेतलेली चाचणीची साधने भारतात जशीच्या तशी पुरत नाहीत. इथल्या लोकांचे रक्त इथेच तपासले पाहिजे, हा धडा या दोन्ही शोधांनी दिला.

जनुकापर्यंतचा प्रवास

खुंटी करणाऱ्या विकराचे जनुक एफयूटी१ या नावाने ओळखले जाते. ते १९ व्या गुणसूत्रावर असते, तर ए-बी-ओ ठरवणारे जनुक नवव्या गुणसूत्रावर. म्हणजे खुंटी आणि टोपी यांची सोय शरीराने दोन वेगळ्या ठिकाणी ठेवली आहे आणि ती स्वतंत्रपणे वारशात येते. १९९० मध्ये दोन्ही जनुकांची रचना उलगडली. बॉम्बे गटामागचे नेमके जनुकदोष १९९४ नंतर एकेक करून समोर आले.

भारतीय बॉम्बे गटात एफयूटी१ मधले एकच अक्षर बदललेले असते. त्यामुळे विकराच्या साखळीतील २४२ व्या जागी चुकीचे अमिनो आम्ल येते आणि विकर निकामी होते. त्याच्या शेजारचे एफयूटी२ हे जनुक तर पूर्णच गायब असते. एफयूटी२ हे लाळेसारख्या स्रावांमध्ये एच तयार करते. म्हणून बॉम्बे गटाच्या माणसाच्या रक्तातही एच नसतो आणि लाळेतही नसतो. काहींच्या रक्तात एच जवळपास नसतो, पण लाळेत असतो. त्यांना ‘पॅरा-बॉम्बे’ म्हणतात.

रक्त थांबण्याशी संबंध

ए, बी आणि एच हे प्रतिजन फक्त तांबड्या पेशींवर नसतात. ते प्लेटलेटवरही असतात आणि ‘फॉन विलेब्रांड घटक’ या प्रथिनावरही असतात. जखम झाल्यावर प्लेटलेट रक्तवाहिनीच्या फाटलेल्या कडेला चिकटण्यासाठी हे प्रथिन डिंकासारखे काम करते. ते जन्मतः कमी किंवा सदोष असले, तर नाकातून रक्त येणे, मासिक पाळीत अतिरक्तस्राव, दात काढल्यावर रक्त न थांबणे अशी लक्षणे दिसतात. याला फॉन विलेब्रांड विकार म्हणतात. ग्लान्झमान विकारात प्लेटलेटची संख्या पुरेशी असते, पण एकमेकींना धरून ठेवणारे प्रथिन सदोष असल्याने त्यांची गुठळी होत नाही.

ओ गटाच्या माणसांत फॉन विलेब्रांड घटकाचे प्रमाण इतर गटांपेक्षा सुमारे एक चतुर्थांशाने कमी असते. २००५ मध्ये ‘ब्लड’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बॉम्बे गटाच्या माणसांतही हे प्रमाण कमी आढळले. त्यांच्यातील हा घटक शरीरातील विकराकडून अधिक लवकर तोडला जातो, असेही त्यात दिसले. याचा अर्थ बॉम्बे गट हा रक्तस्रावाचा आजार आहे असा नाही. रक्तगट ठरवणाऱ्या शर्करांना इतरही कामे आहेत, एवढेच यातून कळते.

बॉम्बे गटाची माणसे एरवी पूर्णपणे निरोगी असतात. अपवाद एका अत्यंत विरळ विकाराचा. त्यात शरीराला फ्युकोज ही शर्कराच नीट वापरता येत नाही. अशा मुलांत बॉम्बे गटाबरोबर वारंवार जंतुसंसर्ग आणि वाढीच्या अडचणी दिसतात.

तपासणीत चूक कुठे होते?

रक्तगट तपासताना दोन बाजू पाहायच्या असतात. पहिल्या भागात रुग्णाच्या पेशींवर ए आणि बी आहे का ते पाहतात. बॉम्बे गटात दोन्ही नसल्याने उत्तर ‘ओ’ येते. दुसऱ्या भागात रुग्णाचा रक्तद्रव घेऊन तो ए, बी आणि ओ गटाच्या माहीत असलेल्या पेशींशी मिसळतात. खऱ्या ओ गटाच्या माणसाचा रक्तद्रव ओ पेशींना काही करत नाही. बॉम्बे गटाचा रक्तद्रव मात्र ओ पेशींच्याही गुठळ्या करतो. संशय येतो तो इथेच.

काचपट्टीवर थेंब टाकून केलेल्या झटपट तपासणीत पहिलाच भाग होतो. शाळेच्या शिबिरात किंवा वाहन परवान्यासाठी झालेल्या अशा तपासणीवरून मिळालेल्या कार्डावर ‘ओ’ लिहिलेले असते आणि माणूस आयुष्यभर तेच खरे धरून चालतो. संशय आल्यावर खात्रीसाठी ‘युलेक्स युरोपियस’ या काटेरी झुडपाच्या बियांपासून केलेला अर्क वापरतात. हा अर्क एच असलेल्या पेशींच्या गुठळ्या करतो. ओ गटाच्या पेशी लगेच चिकटतात, बॉम्बे गटाच्या तशाच राहतात.

शेवटची राखण म्हणजे क्रॉसमॅच. रक्त चढवण्यापूर्वी रुग्णाचा रक्तद्रव आणि प्रत्यक्ष दिल्या जाणाऱ्या पिशवीतील पेशी जुळवून पाहणे. हे नीट केले तर बॉम्बे गटाच्या रुग्णाला चुकीचे रक्त जाण्याआधीच घोळ लक्षात येतो. घाईत ‘ओ आहे, चालेल’ म्हणून ते टाळले, तर धोका उभा राहतो.

माथेरान, कर्जत, खालापूर: गणित काय सांगते?

मुंबईतील प्रमाण रायगडच्या आतल्या भागाला लावून पाहिले तर चित्र स्पष्ट होते. २०११ च्या जनगणनेत कर्जत आणि खालापूर या दोन्ही तालुक्यांची लोकसंख्या प्रत्येकी दोन लाखांहून थोडी अधिक होती. ७,६०० त एक या हिशेबाने दोन्ही तालुके मिळून पन्नासच्या आसपास माणसे बॉम्बे गटाची असू शकतील. माथेरानची वस्ती तेव्हा साडेचार हजारांच्या आतच होती. म्हणजे तिथे असा माणूस एखादा असेल किंवा नसेलही. हा केवळ अंदाज आहे. समाजागणिक प्रमाण बदलते आणि कातकरी, ठाकर अशा वस्त्यांना मुंबईचा आकडा जसाच्या तसा लागू होईलच असे नाही.

अंतराचा प्रश्न मात्र खराखुरा आहे. माथेरानमध्ये मोटारगाड्यांना बंदी असल्याने प्रवाशांची वाहने दस्तुरी नाक्यालाच थांबतात. तिथून घाट उतरून नेरळ आणि पुढे कर्जत, पनवेल किंवा मुंबई. बाळंतपणात अतिरक्तस्राव झाला किंवा घाटात अपघात झाला, तर साधे ओ रक्त मिळवण्यातही वेळ जातो. रुग्ण बॉम्बे गटाचा आहे हे त्याच वेळी पहिल्यांदा कळले, तर दाता शोधण्यासाठी हातात तासच उरतात. हेच आधी माहीत असेल, तर गरोदरपणातच मोठ्या रुग्णालयात नाव नोंदवता येते आणि रक्ताची सोय करून ठेवता येते.

रक्त मिळवायचे कसे?

बॉम्बे गटाच्या रुग्णाला फक्त बॉम्बे गटाचेच रक्त चालते. त्यातही आरएच जुळावे लागते, कारण बॉम्बे गट आरएच पॉझिटिव्ह किंवा निगेटिव्ह असू शकतो. उपलब्ध मार्ग असे:

• भावंडांची तपासणी. रुग्णाच्या प्रत्येक सख्ख्या भावंडात हाच गट असण्याची शक्यता चारात एक असते. पहिला शोध घरातच घ्यावा.

• स्वतःचे रक्त साठवणे. ठरवून करायच्या शस्त्रक्रियेआधी, तब्येत चांगली असेल तर, रुग्णाचेच रक्त काढून ठेवता येते. पिशवीतील रक्त साधारण ३५ ते ४२ दिवस टिकते.

• गोठवलेले रक्त. ग्लिसरॉल मिसळून अतिथंड तापमानात तांबड्या पेशी दहा वर्षांपर्यंत ठेवता येतात. ही सोय मोजक्याच ठिकाणी असते.

• दात्यांची यादी. दुर्मीळ गटांच्या दात्यांच्या याद्या रक्तपेढ्या आणि स्वयंसेवी संस्था ठेवतात. पुरुष तीन महिन्यांतून आणि स्त्रिया चार महिन्यांतून एकदाच रक्त देऊ शकतात. त्यामुळे यादीत नाव असलेला प्रत्येक दाता दरवेळी उपलब्ध असतोच असे नाही.

मे २०२४ मध्ये शिर्डीचा एक रक्तदाता इंदूरमधील रुग्ण महिलेसाठी चारशेहून अधिक किलोमीटर गाडीने प्रवास करून गेला होता. अशा बातम्या मन हेलावतात. पण प्रत्येक वेळी एका माणसाच्या धावपळीवर दुसऱ्याचा जीव अवलंबून राहणे, ही यंत्रणेची उणीवही आहे.

काही गैरसमज

‘बॉम्बे गट म्हणजे ओ निगेटिव्ह.’ नाही. ओ निगेटिव्ह रक्तात आरएच डी नसतो, पण एच भरपूर असतो. बॉम्बे गटाच्या रुग्णाला ओ निगेटिव्हही चालत नाही.

‘हा गट फक्त मुंबईच्या लोकांत असतो.’ नाही. तिथे तो प्रथम नोंदवला गेला म्हणून ते नाव पडले. तो जगभर आढळतो.

‘बॉम्बे गटाचा माणूस रक्त देऊ शकत नाही.’ देऊ शकतो. त्याच्या तांबड्या पेशींवर ए, बी, एच यांपैकी काहीच नसल्याने आरएच जुळल्यास त्या तत्त्वतः इतरांनाही चालतात. पण इतके दुर्मीळ रक्त बॉम्बे गटाच्या रुग्णासाठीच राखून ठेवणे शहाणपणाचे.

‘हा आजार आहे, लग्नाआधी लपवावा.’ हा आजार नाही. लपवण्यात धोका आहे. कागदपत्रांत, पाकिटातल्या कार्डावर आणि घरच्यांना हा गट माहीत असणे हीच त्यावरची सर्वांत स्वस्त खबरदारी आहे.

१९५२ मध्ये तीन माणसांच्या रक्तातून जे कोडे पुढे आले, त्याचे शास्त्रीय उत्तर आज पूर्ण मिळालेले आहे. जनुक माहीत आहे, चाचणी स्वस्त आहे, धोका टाळता येतो. उरलेले काम तालुक्याच्या पातळीवरचे आहे. ज्याच्या कार्डावर ‘ओ’ लिहिले आहे त्याची रक्तपेढीत एकदा दोन्ही बाजूंनी तपासणी व्हावी आणि रक्त चढवताना क्रॉसमॅच कधीही टाळू नये. भाटिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रक्तपेढ्यांना शिकवण्यात इतकी वर्षे घातली, ती याच साध्या सवयीसाठी.